सुतारकामाच्या टेबलावर पितळेची पट्टी
देव्हाऱ्याच्या दाराला मूठ किंवा पेटीच्या कोपऱ्यांना पट्ट्या बसवण्यापुरते पितळ घडवायचे असेल, तर त्यासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. 6 मिलिमीटर जाडीची पट्टी व्हाइसमध्ये दोन लाकडी फळकुटांच्या मध्ये आवळावी, म्हणजे जबड्यांचे वळ उमटत नाहीत, आणि इंचाला 24 दात असलेल्या हॅकसॉने रेघेच्या किंचित बाहेरून कापावी. कानस मात्र नवीच हवी, कारण लोखंडावर झिजलेली कानस पितळावरून नुसती घसरते. तिच्या दातांवर खडू घासला, की कीस अडकून पडणारे ओरखडे टळतात.

खरा धोका भोक पाडताना असतो. धारदार बिट पितळात, विशेषतः आरपार निघताना, स्क्रूसारखे ओढले जाते आणि हातात धरलेली पट्टी पंख्याच्या पात्यासारखी गरगर फिरते. म्हणून पट्टी क्लॅम्पने घट्ट बांधावीच, शिवाय बिटाच्या दोन्ही धारांवर, बिटाच्या अक्षाला समांतर, धारेच्या दगडाने जेमतेम दिसेल एवढी चपटी कड काढावी, म्हणजे ते पितळ ओढण्याऐवजी खरवडत जाते. हे बिट मग पितळासाठीच राखून ठेवावे.

यंत्रावर सहज कापल्या जाणाऱ्या पितळात साधारण 3 टक्के शिसे असते, तेव्हा कीस फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावा आणि नंतर हात धुवावेत. तोच कीस पॉलिश पेपरखाली आला, तर शिवण झाडाच्या लाकडासारख्या फिकट लाकडाच्या रेषांत काळपट डाग बसतात.