थरथरत्या हातासाठी जड चमचा: वजन कसं ठरवावं

हात थरथरणाऱ्या माणसाला जड चमचा द्या, असं सांगणारे खूप भेटतात. किती जड, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: जितका जड तितका चांगला. हा सल्ला ऐकून मी वडिलांसाठी जवळपास पाव किलोचा चमचा आणला आणि त्यापायी त्यांचे काही महिने अर्धपोटी गेले. त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांसाठी मी चमचे ठरवून दिले आहेत. आधी वजन घरी शोधायचं आणि चमचा त्यानंतर विकत घ्यायचा, या क्रमावर मी आता ठाम आहे.

आधी कंप ओळखा

हात मांडीवर निवांत असताना थरथरतो की काही उचलताना? पार्किन्सनचा ठरावीक कंप हात स्वस्थ असताना दिसतो, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, आणि हात कामाला लागला की बऱ्याचदा कमी होतो. एसेन्शियल ट्रेमर हा हात थरथरण्याचा वेगळा आजार, त्याचं याच्या उलट असतं. कप उचलला, चमचा तोंडाकडे नेला की थरथर वाढते. वजन लावून बघण्यात अर्थ आहे तो मुख्यतः काम करताना येणाऱ्या कंपासाठी. पार्किन्सनमध्ये जेवणाची अडचण पुष्कळदा स्नायूंच्या ताठरपणामुळे आणि मंद हालचालींमुळे होते. तिथे भार लादला तर हात आणखी रेंगाळतो.

कंप नव्याने सुरू झाला असेल किंवा अचानक वाढला असेल तर चमच्याचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. वाढलेलं थायरॉइड, दम्यावरचं साल्ब्युटामॉल, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, लिथियम यांनीही हात थरथरतात. औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

बसणं आणि मूठ

पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, टेबल कोपराच्या उंचीला. कोपर टेबलावर टेकू द्या.

चमच्याचा दांडा जाड करा. फोमची नळी मिळते, ती चढवली की झालं. बारीक दांडा घट्ट आवळावा लागतो आणि आवळलेली मूठ जास्त थरथरते. काहींचं काम एवढ्यानेच भागतं, म्हणून वजनाच्या आधी हे करून बघा.

वजन शोधणं

इथे घाई करू नका. मी नेमकी इथेच चुकले होते.

भाराने काय होतं ते आधी समजून घ्या. स्नायू जे बारीक झटके देतात ते तेवढेच राहतात, फक्त जड वस्तू त्या झटक्यांनी कमी हलते. म्हणजे चमचा कमी डुलतो, पण कंप बरा होत नाही. आणि तो भार प्रत्येक घासाला उचलावा लागतोच. हात दमला की थरथर वाढते. थोडक्यात, ज्या वजनाने पहिले पाच घास सुरेख जातात, त्याच वजनाने पंचविसावा घास सांडू शकतो.

वडिलांच्या बाबतीत हेच घडलं. नवा चमचा हातात दिला, त्यांनी एक थेंब न सांडता सूप प्यायलं आणि आम्ही सगळे हरखून गेलो. नंतर ते जेवण निम्म्यावर ठेवून ‘पोट भरलं’ म्हणू लागले. वय झालं, भूक कमी झाली असेल, अशी आम्ही आमची समजूत घातली. कपडे ढिले झाले तेव्हा कुठे मी शेजारी बसून अख्खं जेवण पाहिलं. दहाव्या मिनिटाला त्यांचा खांदा वर चढला होता आणि मान चमच्याकडे खाली आली होती. पोट भरलेलं नव्हतं, हात भरून आला होता. माणसं हे सांगत नाहीत, विशेषतः ज्यांना आधीच आपण दुसऱ्यांना त्रास देतो असं वाटतं ती. म्हणून विचारून नाही, बघून ठरवा.

त्यासाठी एक नेहमीचा स्टीलचा चमचा, नट-बोल्टमधले नट किंवा वॉशर, चिकटपट्टी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा लागतो. शिशाचे तुकडे वापरू नका. शिसं विषारी आहे आणि हे काम जेवणाच्या टेबलावर चाललंय.

पहिली मोजणी काहीही न लावता. एका वाडग्यात पाणी घ्या. ज्यांच्यासाठी चमचा हवा आहे त्यांनी तो भरून ओठांपर्यंत न्यायचा आणि तुम्ही हनुवटीखाली धरलेल्या कपात ओतायचा. असे दहा चमचे झाले की कपातल्या पाण्याचं वजन करून लिहून ठेवा. एका वाडग्यातून शेजारच्या वाडग्यात पाणी टाकण्याची चाचणी काही जण सांगतात, ती निरुपयोगी आहे. बऱ्याच जणांचा हात तोंडाजवळच्या शेवटच्या चार बोटांच्या अंतरात सगळ्यात जास्त हलतो, आणि तोच टप्पा त्या चाचणीत येत नाही.

मग दांड्याला साधारण ३० ग्रॅमचे नट बांधा आणि पुन्हा दहा चमचे. थोडी विश्रांती. आणखी ३० ग्रॅम, पुन्हा दहा. दोन मोजण्यांमध्ये पुरेसा वेळ सोडा, नाहीतर तुम्ही वजन नाही, थकवा मोजत बसाल. मी एका दिवशी तीनपेक्षा जास्त वजनं बघत नाही, आणि रोज त्याच वेळी, औषध घेतल्यानंतर तेवढ्याच अंतराने बघते.

नट कुठे बांधता यालाही तितकंच महत्त्व आहे. भार मुठीच्या आत यायला हवा. खोलगट भागाकडे बांधलात तर चमचा पुढे झुकतो आणि तो सावरायला मनगट सतत ताणलेलं राहतं. अगदी टोकाला बांधलात तर पुढचा भाग वर उचलला जातो. बांधून झालं की चमचा आडव्या बोटावर तोलून बघा. अंगठा आणि पहिलं बोट जिथे पकडतात त्याच्या आसपास तो तोलला गेला पाहिजे. विकतच्या चमच्याचीही मी आधी हीच परीक्षा घेते.

कपात पोचणारं पाणी सुरुवातीला वाढत जातं, मग एका वजनानंतर वाढायचं थांबतं. पाणी वाढायचं जिथे थांबलं, त्यातलं सगळ्यात हलकं वजन निवडा. त्याच्या पुढचा प्रत्येक ग्रॅम खांद्यावर फुकटचा बोजा आहे. बाजारातले बहुतेक भारित चमचे १७० ते २२५ ग्रॅमच्या आसपास असतात. मी ज्यांच्यासाठी चमचे ठरवले त्यांच्यातल्या कित्येकांचं काम त्याहून बऱ्याच कमी वजनात झालं.

आता खरी परीक्षा, म्हणजे निवडलेल्या वजनाने पूर्ण जेवण. पहिल्या पाच मिनिटांत किती घास गेले ते मोजा, शेवटच्या पाच मिनिटांतही मोजा. दुसरा आकडा खूप घसरला, दुसरा हात आधाराला आला, डोकं ताटाकडे वाकलं, नेहमीपेक्षा आधी ‘पुरे’ म्हटलं गेलं, तर ३० ग्रॅम काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एका जेवणावर निकाल देऊ नका, तीन तरी बघा.

कुठल्याच वजनाने फरक पडला नाही, तर तिथे थांबा. भार हा सगळ्यांसाठी उपाय नाही. खांदा दुखतो, सांधेदुखी आहे, हातात ताकद कमी आहे, अशांना तर मी वजन लावूच देत नाही. त्यांना हलका चमचा, जाड मूठ आणि कोपराचा आधार जास्त उपयोगी पडतो. थरथर ओळखून चमच्याचं टोक उलट्या दिशेने हलवणारे बॅटरीवरचे चमचेही आहेत. अनुपम पाठक यांच्या लिफ्ट लॅब्जने असा ‘लिफ्टवेअर’ चमचा आणला आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. असा महागडा चमचा घेण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार आणि साधनं सुचवणाऱ्या तज्ज्ञांना, हात दाखवा. त्यांच्याकडे चमचे वापरून बघता येतील का, तेही विचारा.

विकत घेताना

तुमच्या आकड्याच्या जवळचं वजन, तोल मुठीत, दांडा न घसरणारा. हात तोंडाजवळ झटका देत असेल तर पुढच्या भागावर मऊ आवरण असलेला चमचा घ्या. जड धातू दातावर आपटला तर टवका उडू शकतो. काट्याऐवजी चमच्यानेच भागत असेल तर काटा टाळा, जड सुरी तर नकोच.

ताट आणि कप

उभ्या काठाचं ताट, खाली न सरकणारी चटई. कप दोन कानांचा, झाकणाचा, निम्माच भरलेला.

जेवताना ठसका लागत असेल तर तो गिळण्याचा प्रश्न असू शकतो. चमचा बदलून तो सुटणार नाही, डॉक्टरांना सांगा.

नट आणि चिकटपट्टी फेकू नका, चमच्यांच्या खणातच ठेवा. औषधाचा डोस बदलला किंवा मोठ्या आजारातून उठल्यावर हात अशक्त झाला, की पाण्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायची असते. वडिलांच्या चमच्याचं वजन आम्ही आजवर तीनदा बदललं, आणि तिन्ही वेळा ते कमीच करावं लागलं.