एका अक्षावर दोन मोटर: गॅन्ट्री काटकोनात कशी आणायची

घरी बनवलेल्या सीएनसीमध्ये (संगणकावर चालणाऱ्या कोरीव-कटाई यंत्रात) वाय अक्षाला दोन्ही बाजूंनी स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर) लावला की खरी अडचण चालू करताना येते. वीज बंद असताना गॅन्ट्रीला, म्हणजे हत्यार धरणाऱ्या आडव्या पुलाला, हात लागतो, एक बाजू किंचित पुढे सरकते आणि वीज आली की दोन्ही मोटर आहे तिथेच घट्ट धरतात. तिरकेपण तसंच राहतं. माझ्या पहिल्या खोक्याचे कोपरे याच कारणाने जुळले नव्हते, प्रोग्राममध्ये काहीच चूक नव्हती.

एका ड्रायव्हरवर (मोटरला करंट देणाऱ्या सर्किटवर) दोन मोटर जोडू नका. दोन वेगळे ड्रायव्हर घ्या, दोघांचा करंट आणि मायक्रोस्टेपिंग (एका पायरीचे किती बारीक भाग करायचे ते) सारखं ठेवा. एक मोटर उलटी फिरत असेल तर वीज बंद करून तिच्या एकाच कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करा.

मग प्रत्येक बाजूला स्वतंत्र लिमिट स्विच, म्हणजे गॅन्ट्री टोकाला पोचल्याचं कळवणारा स्विच. ग्रबलहाल किंवा फ्लुइडएनसी या कंट्रोलरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये होमिंग (यंत्र सुरुवातीच्या टोकाला नेणं) करताना प्रत्येक मोटर आपापल्या स्विचपाशी थांबते आणि गॅन्ट्री सरळ होते. पण स्विच नेमके हवेत. त्यासाठी प्लायवर ३०० × ४०० मिमी आयताचे चार कोपरे ड्रिल करा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले पाहिजेत. फरक आला तर त्याला दोन मोटरमधल्या अंतराने गुणा, ४८० ने भागा: तेवढे मिमी एका बाजूचा स्विच सरकवा. म्हणजे मोटर ७२० मिमी अंतरावर आणि कर्णांत १ मिमी फरक, तर स्विच दीड मिमी. फरक वाढला तर दिशा उलटी करा.