दिव्यांग मुलाला घेऊन ब्रिटनहून बेळगावला येताना भत्ते कसे टिकवावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून ब्रिटनला जाऊन स्थायिक झालेल्या ज्या कुटुंबांत दिव्यांग मूल आहे, त्यांना गावी येताना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, देश सोडला की सगळे भत्ते बंद होतात. दुसरा म्हणजे, सहा महिने खुशाल राहा, कोणी विचारत नाही. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसरा तर घातक आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचाली अवघड होणारी व्याधी) असलेल्या माझ्या मुलाला घेऊन मी अनेक वर्षे तिकडच्या शाळेच्या सुटीत, म्हणजे बेळगावच्या ऐन पावसाळ्यात, खानापूरला माहेरी येते. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ घेण्यास मनाई आहे, त्यांना हे भत्ते मुळात लागूच होत नाहीत. बाकीच्यांनी तिकीट काढण्यापूर्वी प्रत्येक भत्त्याची मुदत वेगळी मोजावी, कारण सर्वांना एकच नियम नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 16 वर्षांखालील दिव्यांग मुलाच्या जादा गरजांसाठी मिळणारा डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स तात्पुरत्या परदेश मुक्कामात 13 आठवडे चालू राहतो. मूल वाढवण्यासाठी पालकांना मिळणारे चाइल्ड बेनिफिट साधारणपणे 8 आठवडे चालते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटची मुदत सर्वसाधारणपणे एकच महिना आहे, आणि येथे बहुतेकांची फसगत होते: मुक्काम महिन्याहून अधिक होणार हे निघतानाच ठरलेले असेल, तर पहिल्या महिन्याची सवलतही मिळत नाही. सहा आठवड्यांचे परतीचे तिकीट हातात असताना ‘पहिला महिना तरी मिळेल’ असे गृहीत धरू नये.

जाण्या-येण्याच्या तारखा निघण्यापूर्वीच संबंधित कार्यालयांना कळवाव्यात आणि कळवल्याची नोंद जपून ठेवावी.

आता खरा अवघड टप्पा. वैद्यकीय उपचारांसाठी परदेशी गेल्यास मुलाचा डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स 13 ऐवजी 26 आठवडे चालू राहतो, हे खरे आहे. परंतु मुलाची अनुपस्थिती केवळ त्या उपचारांच्या व्यवस्थेपुरती असावी लागते, आणि ज्या व्याधीवर उपचार घ्यायचे ती ब्रिटन सोडण्यापूर्वीच सुरू झालेली असावी लागते. मी नेमकी येथेच चुकले. एका वर्षी दहा आठवड्यांसाठी आलो होतो. शहरातल्या एका फिजिओथेरपिस्टच्या हाताला इतका गुण आला की, भिंतीचा आधार घेतल्याशिवाय कधी उभा न राहिलेला माझा मुलगा आजीच्या ओसरीवर खांब सोडून चार पावले चालला. ते पाहिल्यावर परतीचे तिकीट पुढे ढकलण्यास मन लगेच तयार झाले. डॉक्टरांकडून पत्र घेतले आणि 26 आठवड्यांच्या भरवशावर पाच महिने राहिलो. उपचार खरे होते, पत्रही खरे होते. पण प्रवास सुटीचा म्हणून सुरू झाला होता आणि पत्रावरची तारीख आम्ही आल्यानंतरची होती. तेराव्या आठवड्यानंतरची सगळी रक्कम परत करावी लागली, आणि तिचे हप्ते फेडताना त्या वर्षीचे बरेच घरखर्च आवरावे लागले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, उपचारांसाठी यायचे असेल तर उपचार आधी ठरवावेत आणि तिकीट नंतर काढावे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडून मुलाच्या व्याधीचे आणि ती कधीपासून आहे याचे पत्र घ्यावे. बेळगावच्या डॉक्टरांकडून उपचारांचे स्वरूप, अपेक्षित कालावधी आणि पहिल्या भेटीची तारीख लिहिलेले इंग्रजी पत्र निघण्यापूर्वीच मागवावे. मराठी किंवा कन्नड चिठ्ठीवर विसंबू नये. मिळाली तर तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. उपचारांचा प्रवास आणि घरातले लग्न एकाच तिकिटात बसवण्याचा मोह टाळावा, कारण ‘केवळ उपचारांसाठी’ हे शब्द तेथे शब्दशः वाचले जातात.

आपल्या सीमाभागात राज्याची हद्द ओलांडली की दाखले बदलतात, म्हणून मिरजेच्या डॉक्टरांना दाखवले तर अडचण येईल का, असे मला अनेकींनी विचारले आहे. अडचण येत नाही. त्या नियमांपुरते बेळगाव काय आणि मिरज काय, दोन्ही ब्रिटनबाहेरच आहेत. फक्त दोन्हीकडच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

बोर्डिंग पासचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. ब्रिटिश पासपोर्टवर तिकडे परतल्यावर शिक्का मारत नाहीत, आणि बोर्डिंग पासच्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात; माझ्या फाइलमध्ये असे दोन पांढरे कागद आजही आहेत.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातले तिकीट मी आता कधीही काढत नाही. मुलाला ताप आला किंवा विमान रद्द झाले, तर हाताशी किमान दोन आठवडे उरले पाहिजेत. परतल्यावर त्याच आठवड्यात परतीची तारीख कळवून टाकावी.