गोळ्यांची पट्टी कापून घेताना बॅच नंबर हातातून जाऊ देऊ नका : मेडिकलवर काय बघायचं, काय मागायचं

ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने मुलं दगावल्याच्या बातम्या रोज येत होत्या तेव्हा एका रात्री साडेदहाला आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घेऊन वर आल्या, म्हणाल्या बघा हो जरा, हे त्यातलं तर नाही ना. बाटली अर्धी संपलेली, सिरप ओघळून लेबल चिकट झालेलं आणि कोपऱ्यात जिथे बॅच नंबर छापतात तिथली शाई बोटं लागून लागून पार पुसलेली. खोकं सकाळच्या कचरागाडीत गेलं होतं, बिल घेतलंच नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही तिघं ते लेबल उलटसुलट करत बसलो. नाव बातमीतलं नव्हतं, पण लेकराला चार दिवस पाजलेलं औषध, आईच्या जिवाला नुसत्या नावावर चैन पडत नाही, आणि कुणालाही विचारायला जा, पहिला प्रश्न एकच, बॅच कुठली? सकाळी डॉक्टरांनी मुलाला तपासलं, लघवी नीट होतीये ना विचारलं, सगळं ठीक निघालं. पण ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणून हे लिहितोय.

बॅच म्हणजे एका घाण्यात एकदम बनलेला माल. तीच कंपनी, तेच नाव, पण मंगळवारचा घाणा चांगला आणि शुक्रवारचा खराब असू शकतो, म्हणून सरकारी तपासणी होते ती बॅचची, नापास होते ती बॅच आणि बाजारातून परत मागवतात तीही आधी बॅचच. छिंदवाड्याच्या प्रकरणातली कोल्ड्रिफ सिरपची एसआर-13 ही बॅच तामिळनाडूच्या लॅबमध्ये तपासली तर त्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, जिथे मर्यादा 0.1 टक्का आहे. सिरप पातळ आणि गोड ठेवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, ते औषधाच्या दर्जाचं घ्यायचं सोडून कारखान्याच्या वापराचं स्वस्त द्रव्य आलं की हे विष आत शिरतं, वासाने चवीने काही कळत नाही, आणि मुलांच्या किडन्या बंद पडतात. वीसहून जास्त लेकरं गेली, कितीतरी जणांना उपचाराला नागपूरला नेलं होतं. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही, 1986 मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीनने 14 पेशंट दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. चाळीस वर्षांनी तेच विष, याचा मला खरंच संताप येतो. कारखान्यात जाऊन तपासणं आपल्या हातात नाही, पण आपल्या घरात आलेली बाटली कुठल्या घाण्यातली हे सांगता येणं तरी आपल्या हातात आहे.

आता पट्टी. दहा-पंधरा गोळ्यांच्या पट्टीवर बी नंबर म्हणजे बॅच, एमएफजी म्हणजे बनवल्याची तारीख, एक्सपायरी आणि एमआरपी हे चारही बहुतेक एकाच टोकाला छापलेलं असतं, कधी नुसतं ठोकून उमटवलेलं, शाई नसते, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतं. आपण म्हणतो भैया, चार गोळ्या द्या, तो कात्रीने कापतो आणि टोक राहतं त्याच्याकडे. आपल्या हातात येतात चार गोळ्या ज्यांचं काहीच कळत नाही, ना एक्सपायरी ना बॅच. बीपी, शुगर, थायरॉइड अशी रोजची औषधं असतील तर पूर्ण पट्टीच घ्या, तशीही लागणारच आहेत. चारच हव्या असतील तर कापायच्या आधी पट्टीचा फोटो काढून घ्या, दुकानदार काही म्हणत नाही, मी गेले कितीतरी महिने हेच करतोय. आणि घरी खाताना उलट्या टोकाकडून सुरुवात करायची, छापलेलं टोक शेवटी राहिलं पाहिजे. आमच्या आईला हे सांगायला मला आठवडा लागला, पण आता ती स्वतः काकूंना सांगते.

एक्सपायरी 06/2027 लिहिलं असेल तर जूनच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालतं, 1 जूनला संपत नाही, यावरून उगाच भांडू नका. पण ती तारीख नीट ठेवलेल्या औषधाची आहे. पट्टीवर 25 किंवा 30 डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्या इंदूरचा मे महिना तुम्हाला माहितीये, खिडकीजवळच्या किंवा गॅसजवळच्या कपाटात ठेवू नका, स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नाही.

बिल. पक्कं बिल मागायचंच, दहा रुपयांच्या औषधाचंही, आणि त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर आहे ना हे काउंटरवरच बघायचं, आणि पट्टीवरचा बॅच नंबर बिलावरच्याशी जुळतोय का तेही. कॉम्प्युटरमध्ये एक बॅच आणि हातात दुसरीच असं होतं. मला एकदा आमच्या नेहमीच्या दुकानात असं मिळालं, मी दाखवलं, त्याने दोन मिनिटांत बिल बदलून दिलं. गर्दीत लाज वाटते मागायला, मलाही वाटायची. दवा बाजारातून घेतलं म्हणजे थोकचा माल, बिल कशाला असंही बरेच जण म्हणतात. बिल तिथेही घ्या. काही वाईट झालं तर बिलाशिवाय तुम्ही ते औषध त्याच दुकानातून घेतलं हे सिद्धच करू शकत नाही.

पट्टीच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली की ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं समजा, अँटिबायोटिक बहुतेक सगळी त्यातच येतात. शेड्यूल एच1 नावाची आणखी कडक यादी 1 मार्च 2014 पासून लागू आहे, सेफिक्झिम, अल्प्राझोलाम वगैरे त्यात आहेत, ही देताना दुकानदाराने डॉक्टरचं नाव-पत्ता आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं असतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. म्हणजे नाव विचारलं तर चिडू नका, तो बरोबर करतोय. उलट चिठ्ठी न बघता काढून देणारा दुकानदार आपला माणूस आहे असं वाटतं खरं, पण तो आपलं भलं करत नाहीये.

यातच अजून एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते. "हे नाहीये, पण सेम टू सेम दुसऱ्या कंपनीचं आहे" असं आपण रोज ऐकतो. शेड्यूल एच मधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधात चिठ्ठीवर लिहिलेल्याच्या जागी दुसरं द्यायची दुकानदाराला नियमाने परवानगी नाही, आतलं औषध तेच असलं तरी. मग स्वस्त जेनेरिक हवं असेल तर काय? डॉक्टरांनाच सांगायचं की ब्रँडच्या ऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्या, मग ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जायचं. पैशाचं थोडक्यात सांगतो, एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, सगळे टॅक्स धरून, तिच्यावर एक रुपया लावता येत नाही, आणि सुट्या गोळ्या घेतल्या तर पट्टीच्या किमतीला गोळ्यांनी भागून बघा.

जास्त खपाच्या 300 ब्रँडवर 1 ऑगस्ट 2023 नंतर बनलेल्या मालाला क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन केलं की नाव, कंपनी, बॅच, तारखा आणि लायसन्स नंबर आला पाहिजे आणि तो पट्टीवर छापलेल्याशी जुळला पाहिजे. कोड आहे म्हणजे माल अस्सल असं धरून चालू नका, कोड छापणं सोपं आहे, जुळवून बघणं महत्त्वाचं. आणि सगळ्याच औषधांवर कोड नसतो, तेव्हा नाही दिसला म्हणून घाबरायचंही नाही.

लहान मुलांचं सिरप मात्र वेगळं धरा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकला-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही, पाच वर्षांच्या आत सहसा देऊ नये, असं केंद्र सरकारने त्या घटनेनंतर सगळ्या राज्यांना पुन्हा कळवलं. डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेल्या औषधावर चार वर्षांखाली देऊ नये अशी सूचना छापायला सांगितली होती, हीच जोडी बऱ्याच सर्दीच्या सिरपमध्ये असते, म्हणून खोक्यावर ही दोन नावं शोधा. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला देणं बंद करा. बाटली आणली की पहिलं काम, लेबलचा आणि खोक्याचा फोटो, सिरप ओघळायच्या आधी. आणि औषध सुरू झाल्यावर मूल सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, सुस्त पडलं, उलट्या व्हायला लागल्या, तर रात्र आहे सकाळी बघू असं करू नका, बाटली बरोबर घेऊन थेट इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा.

संशय आला तर उरलेलं औषध ओतून देऊ नका, हीच चूक सगळे करतात, आमच्या वहिनींनीही घाबरून बेसिनमध्ये ओतलं. बंद करा, झाकण घट्ट, पिशवीत बांधून मुलांपासून लांब ठेवा. त्रास झाला असेल तर आधी डॉक्टर, मग 1800-180-3024 हा फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्यांचा टोल फ्री नंबर, तिथे डॉक्टरच नाही तर कुणीही नोंद करू शकतं आणि सामान्य माणसांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. औषधच खराब वाटत असेल, म्हणजे गोळी चुरा झालेली, सिरपमध्ये गाळ, छपाई विचित्र, तर जिल्ह्याच्या ड्रग इन्स्पेक्टरकडे लेखी तक्रार करा, बिलाची झेरॉक्स जोडा, मूळ बिल देऊ नका. औषधाचा 1940 चा जो कायदा आहे त्याच्या कलम 26 मध्ये तर असंही आहे की विकत घेतलेलं औषध कुणीही साधा माणूस फी भरून सरकारी ॲनालिस्टकडून तपासून घेऊ शकतो आणि सहीचा रिपोर्ट मिळवू शकतो, हे आपल्यातल्या फार कमी लोकांनी कधी वापरलंय.

इन्स्पेक्टरच्या ऑफिसात कुणी दाद दिली नाही तर 181, आपल्या मध्य प्रदेशची सीएम हेल्पलाइन. तिथे तक्रार सांगताना औषधाचं नाव, कंपनी, बॅच, दुकान आणि खरेदीची तारीख याच क्रमाने सांगा, समोरचा टाइप करत असतो. तक्रार क्रमांक मिळतो, तो त्याच बिलाच्या मागे पेनने लिहून ठेवा.