शिलाई मशीनच्या टेबलाखाली मोटर अशी बसवा की नंतर सरकवता येईल

बेल्ट वरचेवर तुटत असेल तर भारीतला बेल्ट आणा, असा सल्ला हमखास मिळतो. बेल्ट घसरत असेल तर अजून ताणा, हा दुसरा. दोन्ही सल्ल्यांनी लोकांचे पैसे जातात आणि मशीनचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) खराब होतं. दोष बहुतेक वेळा बेल्टमध्ये नसतोच. मोटर वाकडी बसलेली असते आणि ती सरळ करायला बसवणाऱ्याने जागाच ठेवलेली नसते. टेबलाला तीन भोकं पाडली, बोल्ट आवळले, काम संपलं, अशा पद्धतीने बसवलेल्या मोटरी मी सांगली, मिरज, तासगाव, विटा सगळीकडे पाहिल्या आहेत. शाळेचे गणवेश शिवणारी मशीन असो, ट्रॅक्टरची सीट कव्हरं शिवणारी असो की द्राक्षबागेची शेडनेट जोडणारी, दुखणं हेच.

हल्ली हा प्रश्न जास्त येतो, कारण जुनी क्लच मोटर (स्विच चालू असेपर्यंत सतत फिरणारी) काढून सर्वो (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर चालणारी मोटर) बसवणारे वाढलेत. सर्वो हलकी असते, आवाज कमी करते, वीज कमी खाते आणि पॅडल दाबेपर्यंत फिरतच नाही, त्यामुळे बदल योग्यच आहे. पण नव्या मोटरच्या ब्रॅकेटची भोकं टेबलाच्या जुन्या भोकांवर क्वचितच बसतात. मग जुन्या भोकाला खेटून दुसरं भोक पाडलं जातं. मधे बोटभरही लाकूड उरत नाही आणि काही महिन्यांत तेवढं उरलेलं लाकूड फुटतं.

टेबल आधी पाहा

2005, 2019 किंवा 2021 च्या पुरात पाण्यात उभं राहिलेलं टेबल असेल तर त्यावर मेहनत घालू नका. वरून सनमायका ठीक दिसते, पण आत प्लायचे थर सुटलेले असतात. खालून बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज पोकळ आला तर टॉप बदला. असा टॉप बोल्टच्या दाबाखाली रोज थोडा थोडा दबत जातो आणि तुम्ही लावलेली रेघ, म्हणजे मशीनचं चाक आणि मोटरची पुली एका सरळ रेषेत आणणं, आठवड्याभरात बिघडते.

चांगल्या टॉपवरही लाकडी स्क्रूने मोटर टांगू नका. कंपनाने स्क्रू सैल होतो, भोक मोठं होतं, मग त्यात काडेपेटीची काडी कोंबली जाते. मोटर आरपार बोल्टवरच हवी.

पट्ट्या करून घ्या

ब्रॅकेटला बोल्ट असतो, त्याने मोटर वरखाली होते. तो फक्त ताणासाठी आहे. मोटर डावीउजवीकडे सरकवणं आणि किंचित फिरवणं, या दोन गोष्टी त्याने होत नाहीत, आणि रेघ लावायला लागतात त्या याच. म्हणून मोटर थेट टेबलाला न लावता लोखंडी पट्ट्यांना लावायची.

40 मिमी रुंद, 6 मिमी जाड एमएस फ्लॅटच्या (साध्या लोखंडी पट्टीच्या) दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी साधारण सव्वा फूट लांब. क्लच मोटर असेल तर जाडी 8 मिमी घ्या, कारण ती मोटर फार जड असते. ब्रॅकेटची भोकं कागदावर उमटवून घ्या आणि प्रत्येक भोकासाठी पट्टीत 9 मिमी रुंद, 60 मिमी लांब असा पट्टीच्या लांबीच्या दिशेने स्लॉट पाडून आणा. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये हे काम होतं. घरी ओळीने भोकं पाडून कानशीने जोडली तरी चालतं, फक्त कडा साफ असू द्या.

टेबलाला पक्की करण्याची भोकं पट्टीच्या टोकांना. डाव्या टोकाला साधं गोल भोक. उजव्या टोकाला मात्र आडवा, म्हणजे पट्टीच्या रुंदीच्या दिशेने, 20 मिमीचा स्लॉट. फिरवण्याची सोय या छोट्या स्लॉटमध्ये आहे. डावं टोक जागेवर राहतं आणि उजवं टोक पुढेमागे सरकवलं की मोटर तेवढी वळते. बहुतेक कारागीर हा स्लॉट अनावश्यक समजून टाळतात. तुम्ही टाळू नका.

बोल्ट सगळे 8 मिमीचे कप स्क्वेअर. गोल डोक्याखाली त्यांना चौकोनी मान असते. ती 9 मिमीच्या स्लॉटमध्ये बसते आणि नट आवळताना बोल्ट गरगरत नाही, वर पान्हा धरावा लागत नाही. मोटरचे बोल्ट पट्टी लावण्याआधीच वरून स्लॉटमध्ये घाला, नंतर हात जात नाही. त्यांच्या डोक्यांना जागा मिळावी म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांवर, टेबल आणि पट्टीच्या मधे, त्याच पट्टीचा एकेक भोक पाडलेला तुकडा ठेवा.

भोकं पाडणं

हेड (टेबलावरचं मशीन) उतरवा, टेबल उलटं करा. पट्ट्या आखून खालून 3 मिमीचं बारीक भोक आरपार काढा, मग टेबल सुलटं करून वरून मोठं ड्रिल मारा. खालून थेट मोठं ड्रिल मारलं तर सनमायकाची टवकी उडते. बोल्टचं डोकं वरच्या पातळीच्या खाली बसलं पाहिजे, नाहीतर कापड अडकतं.

पट्ट्या डावीउजवीकडे धावतील अशा लावा, एक पुढे आणि एक मागे. मोटर चढवताना खाली एखादा डबा ठेवून तिचा भार त्यावर घ्या. प्रत्येक नटाखाली मोठा वायसर आणि स्प्रिंग वायसर. सायकलच्या ट्यूबचे तुकडे मधे घालायचा सल्ला ऐकू नका. रबर सगळीकडे सारखं दबत नाही आणि मोटर तिरकी होते.

सगळे नट हाताने फिरतील एवढेच आवळा.

रेघ लावणं

मला या कामात सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथे. बाकीचं काम नट-बोल्टचं आहे, हे नजरेचं आहे. हँडव्हीलची (मशीनच्या उजव्या टोकाच्या चाकाची) खाच आणि मोटरच्या पुलीची खाच एकाच पातळीत आली पाहिजे. एक टेबलाच्या वर, दुसरी खाली, मधे टॉप. त्यामुळे नुसतं वाकून पाहून समजत नाही. लोक वरून बघतात, बरोबर वाटतं आणि आवळून टाकतात.

मोटर तीन प्रकारे वाकडी असते आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे. कुठला वाकडेपणा आहे ते न ओळखता मोटर हलवत बसलात तर संध्याकाळ होते. क्रमही महत्त्वाचा: आधी झुकलेली, मग वळलेली, शेवटी सरकलेली. उलट क्रमाने गेलात तर आधी केलेलं नंतरच्याने बिघडतं.

झुकलेली मोटर म्हणजे तिचा शाफ्ट टेबलाला समांतर नाही, एक बाजू खाली लोंबते. गुण्या टेबलाच्या खालच्या अंगाला धरा आणि पुलीच्या सपाट तोंडाला लावा. फट दिसली तर लोंबणाऱ्या बाजूच्या विरुद्ध टोकाला, पट्टीच्या तुकड्याखाली पत्र्याची पातळ पाचर घाला. फट जाईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता जाड नायलॉन दोरा हँडव्हीलवरून टेबलाच्या भोकातून खाली घेऊन मोटरच्या पुलीभोवती फिरवा आणि बेल्टसारखाच ताणून गाठ मारा. दोऱ्याच्या दोन बाजू होतात, एक तुमच्याकडची आणि एक मागची. स्टीलची फूटपट्टी पुलीच्या तोंडाला चिकटवून उभी धरा आणि फूटपट्टी व दोरा यांमधलं अंतर खालपासून वरपर्यंत पाहा. आधी पुढच्या बाजूला, मग मागच्या.

पुढे अंतर वर जाताना वाढतं आणि मागे कमी होतं, असं असेल तर मोटर वळलेली आहे. पट्ट्यांची उजवी टोकं सैल करून ती पुढे किंवा मागे सरकवा. दोन्ही बाजूंना अंतर सारखंच वाढत किंवा सारखंच कमी होत असेल तर मोटर नुसती बाजूला सरकली आहे. लांब स्लॉटमध्ये ती डावीउजवीकडे न्या. दोन्ही बाजूंना अंतर वरखाली सारखं आलं की रेघ लागली. 1 मिमीचा फरक मी चालवून घेतो, त्यापुढचा नाही.

एवढ्यावर थांबणारेच जास्त, आणि बेल्ट तुटतात ते त्यांचेच. कारण दोऱ्याला बेल्टसारखा जोर नसतो. ब्रॅकेटच्या बिजागरीत थोडा खेळ असतोच. बेल्ट चढवून ताण दिला की तो जोर मोटरला एका बाजूने वर ओढतो, बिजागरी तो खेळ खाते आणि मोटर किंचित वळते. म्हणून पहिली रेघ फक्त जवळपास येण्यासाठी. खरी रेघ बेल्ट पूर्ण ताणात असताना, त्याच फूटपट्टीने, पुन्हा दोन्ही बाजूंना तपासायची आणि तेव्हाच नट पक्के करायचे. नट पक्के केल्यावर परत एकदा पाहा, कारण आवळतानाही मोटर सरकते. बिजागरीत हाताला जाणवेल एवढा खेळ असेल तर तिची पिन बदलून घ्या. तसल्या ब्रॅकेटवर रेघ टिकत नाही.

क्लच मोटरवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. पॅडल दाबलं की क्लच आत बसतो आणि पुली शाफ्टसकट मोटरच्या बाजूला थोडी सरकते. मशीन चालतं ते या सरकलेल्या जागेवर. तेव्हा पॅडल न दाबता लावलेली रेघ चालू मशीनला लागू होत नाही. मोटर बंद ठेवून कुणाला तरी पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि त्या स्थितीत मोजा. आणि ही मोटर स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते, ती पूर्ण थांबल्याशिवाय पुलीजवळ हात नेऊ नका. सर्वोत पुली सरकत नाही, पण तिचा प्लग काढून कंट्रोल बॉक्समधला साठलेला करंट उतरायला काही मिनिटं द्या.

बेल्ट आणि ताण

बेल्ट दोऱ्याने पहिली रेघ लावून झाल्यावरच विकत घ्या. पट्ट्यांमुळे मोटर थोडी खाली आलेली असते, जुनं माप चुकतं. ताणाचा बोल्ट अशा जागी आणा की मोटर बरीचशी वर असेल आणि खाली यायला पुष्कळ वाव राहील, कारण नवा बेल्ट लांबतो. तिथे सुतळी फिरवून माप घ्या आणि एम सेक्शनचा (अरुंद व्ही आकाराचा) बेल्ट मागा.

ताण किती? बेल्टच्या मधोमध बोटाने साधारण एक किलोचा जोर द्या, बेल्ट 15 मिमीच्या आसपास आत गेला पाहिजे. याहून घट्ट केलात तर हँडव्हीलकडचं बुश तापतं, हाताने चाक फिरवताना मशीन जड लागतं आणि काही महिन्यांत शाफ्टला खेळ येतो. जाड शिवणीवर मशीन अडतं म्हणून ताण वाढवत नेणं हा उपाय नाही. मोटरवर लहान पुली लावा, वेग उतरतो आणि जोर मिळतो. ताण ठरला की बोल्टचे वरचा आणि खालचा असे दोन्ही नट एकमेकांकडे आवळा.

बेल्ट टेबलाच्या भोकाच्या कडेला कुठेही टेकता कामा नये. टेकत असेल तर भोक वाढवा, मोटर सरकवू नका.

पॅडल, वायर, पहिली चाचणी

मोटर सरकली की पॅडलची सळई तिरकी होते. पॅडल सरकवून ती उभ्या रेषेत आणा, नाहीतर पाय अडखळतो. अर्थिंग जोडलेलं असू द्या आणि वायर बेल्टपासून दूर क्लिपने बांधा.

शिवणीचा दोरा काढून, मशीनचा कापड दाबणारा पाय उचलून मशीन हळू चालवा. हँडव्हीलचा वरचा भाग शिवणाऱ्याच्या दिशेने आला पाहिजे. उलटं फिरत असेल तर सर्वोच्या सेटिंगमध्ये दिशा बदला. थ्री फेज क्लच मोटरच्या दोन फेजच्या वायरी वायरमनकडून अदलाबदल करून घ्या. दिशा नक्की झाल्याशिवाय दोरा ओवू नका.

बेल्टचं कव्हर परत लावा. ओढणी, केस, लहान मुलांची बोटं या सगळ्यांसाठी ते आहे, आणि बऱ्याच वर्कशॉपमध्ये ते काढून कपाटावर टाकलेलं दिसतं.

आठवड्याभराने ताण पुन्हा पाहा, नवा बेल्ट तोवर सैल झालेला असतो. त्याच वेळी टेबलाच्या भोकाखाली बोट फिरवा. काळी भुकटी लागली तर बेल्ट एका कडेने घासतोय. बेल्टची कुठली कड झिजली ते बघून फूटपट्टी परत पुलीला लावा, पट्ट्यांचे नट अर्धा आटा सैल करा आणि मोटर हवी तेवढी सरकवून पुन्हा आवळा.