सोलापूरच्या उन्हात ब्राह्मी कशी जगवायची

नर्सरीत ब्राह्मी मागितली की बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात देतात, आपल्याला पाहिजे ती नीरब्राह्मी, बारीक जाडसर पानांची, तळ्याकाठच्या चिखलात पसरणारी. चार बोटं लांब काडी तोडा, खालची पानं काढा आणि ओल्या मातीत आडवी दाबा, पेरापेराला मुळ्या फुटतात. पसरट टब घ्या, भोक नसलं तरी चालतंय, हिला पाय पाण्यातच लागतात. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा टब सकाळचंच ऊन येणाऱ्या गॅलरीत सरकवा, मी गच्चीवर ठेवून चार दिवस गावाला गेलो तर आल्यावर नुसता काथ्या! भाज्या धुतलेलं पाणी पण चालतं, फक्त मातीच्या वर साचू देऊ नका, डास होतात. आणि गटाराकाठची उपटून आणलेली खायला नकोच, ही वनस्पती घाण पाण्यातले जड धातू शोषून घेते.