पंचगंगेचे आकडे जगाला पाठवताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात नदीचं पाणी तपासणाऱ्या गटांना आता तोटा नाही. कॉलेजची पोरं, निसर्गप्रेमी मंडळी, निवृत्त शिक्षक, सगळे किट घेऊन घाटावर दिसतात आणि संध्याकाळी आकडे कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय ॲपवर चढवतात. चांगलंच आहे. पण त्यातले बरेच आकडे आधी माझ्याकडे तपासायला येतात, आणि दर हंगामात त्याच त्या चुका बघून डोकं उठतं.

ऑक्सिजनचा नमुना फिरवून आणणे

एका गटाचा फोन आला. "सर, रीडिंग लई भारी आलंय, नदी सुधारली!" शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो तिथल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन म्हणे लिटरला 8 मिलिग्रॅम. त्या जागी नाक धरल्याशिवाय उभं राहवत नाही. 25 अंशाला, समुद्रसपाटीवर, स्वच्छ पाण्यातही जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो. आपण साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणजे इथं त्याहूनही कमी.

खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तीही अर्धीच भरलेली, मोपेडच्या डिकीत. वाटेत मिसळ. मग खड्ड्याखड्ड्यांतून कॉलेजच्या लॅबपर्यंत. बाटलीतली हवा वाटभर पाण्यात घुसळली गेली होती. तो ऑक्सिजन डिकीत तयार झालेला. तोवर 'नदी सुधारली' हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरूनही झाला होता. तो मागे घ्यायला मात्र कोणाला वेळ मिळाला नाही.

उलटंही होतं. बाटली काठोकाठ भरली, पण दुपारभर तशीच पडू दिली, तर आतले जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि बरी नदी मेलेली दिसते.

माझी पद्धत जुनी आहे. काचेच्या बुचाची 300 मिलीची बाटली पाण्याखालीच तिरकी धरून भरायची. एकही बुडबुडा राहता कामा नये. मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं नदीकाठावरच घालायची. साका तपकिरी बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. एवढं टायट्रेशनआधीच, म्हणजे थेंबाथेंबानं रसायन घालून नेमका आकडा काढण्याआधीच कळतं. ॲसिड घालून साका विरघळवला आणि बाटली अंधारात ठेवली की काही तास मिळतात. तेव्हा खुशाल मिसळ खा. "पण सर, आमच्याकडे मीटर आहे" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी तो शेवटचा कॅलिब्रेट कधी केला ते आधी सांगावं.

आणि राजाराम बंधाऱ्याच्या खाली, पाणी फेसाळत पडतं तिथं ऑक्सिजन मोजू नका. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेत की काढलेत तेही वहीत लिहा. तुंबलेलं पाणी आणि वाहतं पाणी एका रकान्यात टाकून कोणाला काय कळणार?

"10" लिहून मोकळे होणे

नायट्रेट 10. कशाचे 10? नुसत्या नायट्रोजनच्या हिशेबात 10 मिलिग्रॅम असतील तर नायट्रेटच्या हिशेबात ते 44 होतात. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रेट म्हणून 50 धरते, आपलं भारतीय मानक 45, अमेरिका नायट्रोजन म्हणून 10. तीन आकडे दिसायला वेगळे, पण जवळपास एकाच ठिकाणी येतात. किटच्या डबीवर कोणता हिशेब छापलाय ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढंही कोणी देत नाही.

बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्या मापाचं, तसंच. युरोपात नमुना 20 अंशाला 5 दिवस ठेवतात, आपल्या मानकात 27 अंशाला 3 दिवस. दोन्ही चालतात, पण कोणतं केलं ते आकड्याशेजारी हवंच.

यावर पोरं तोंड वाकडं करतात, "ही कारकुनी कशाला?" त्यांना मी ऱ्हाइनचं सांगतो. युरोपातल्या या नदीच्या खोऱ्यातल्या पाच देशांनी 1950 साली तिच्यासाठी आयोग नेमला, आणि सुरुवातीची वर्षं मुख्यतः सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजावं यातच गेली. तुझा आकडा माझ्या आकड्याशी जुळत नसेल तर भांडायचं तरी कशावर? तरीही 1 नोव्हेंबर 1986 ला बाझलजवळ रसायनांचं गोदाम पेटलं, आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं आणि लाखाच्या वर ईल मासे मेले. पुढच्याच वर्षी नदी सुधारायचा कृती कार्यक्रम ठरला. तो लगेच ठरू शकला त्यामागे आधीची कारकुनी होती, असं माझं मत. आपलं पाणी तर नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून पुढं कर्नाटकात जातं. तिथल्या कोणाला आपले आकडे वापरता आले पाहिजेत की नाही?

बारीकसारीक, पण रोजचं

अक्षांश-रेखांश उलटे टाकू नका. कोल्हापूर साधारण 16.7 उत्तर, 74.2 पूर्व. उलटं टाकलं की पंचगंगा नॉर्वेच्या वर, बर्फाळ समुद्रात. अशी पंचगंगा मी नकाशावर पाहिली आहे.

तारखेत महिना अक्षरी लिहा. 3/6 म्हणजे कोणाला पावसाचा जून, कोणाला कडक मार्च.

किटला काही दिसलं नाही तर शून्य नव्हे, 'मोजमापाच्या मर्यादेखाली' लिहा.

तापमान नोंदवा. ते नसेल तर जानेवारीतली ऱ्हाइन आणि एप्रिलमधली पंचगंगा यांचा ऑक्सिजन शेजारी मांडण्यात अर्थ नाही. थंड पाण्यात तो जास्त मावतोच.

नाव बाटलीवर लिहा, टोपणावर नको. टोपणं बदलतात.

जिवाणू तपासायच्या नमुन्याची निर्जंतुक बाटली नदीच्या पाण्यानं खळबळू नका. ही चूक शिकलेली माणसंच जास्त करतात.

पावसाळ्याचा रकाना

वर्षभराचे आकडे हवेत म्हणून काही उत्साही गट जुलैतही पुलावरून बादली सोडायला निघतात. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. पाणी 39 कडे चढायला लागलं की मी कोणालाच नदीकडे सोडत नाही, मग कितीही गाल फुगवा. त्या दिवशीच्या रकान्यात 'पूर, नमुना घेतला नाही' एवढं लिहायचं आणि पातळी किती होती ते शेजारी. मागच्या आठवड्याचा आकडा तिथं उतरवायचा नाही.